बर्फातलं गाऱ्हाणं

१६ डिसेंबर, धारगळ

बॅग भरली. मी दोरीने बांधली होती. माझा दीर गोकुळदास म्हणाला, दोरी बघून विमानातले हसतील. मी म्हटलं, फुटली तर तू येणार आहेस का वाटेत गोळा करायला? दोरी तशीच आहे.

लिहायला का बसले ते सांगून ठेवते. परत आले की हायवेवर भाजी विकणाऱ्या सगळ्या बायका विचारणार, जपान कसं, लोक खातात काय, सेजलचं घर केवढं. एकीला एक सांगायचं, दुसरीला दुसरं, आणि मग माझी जाऊ म्हणणार भागी थापा मारते. जानकीला तेवढंच पाहिजे असतं. म्हणून रोजचं रोज लिहायचं. पतसंस्थेने दिलेली डायरी वर्ष सरत आलं तरी कोरीच होती. मी चौथी शिकले, अक्षर वाकडं आहे, पण वाचणार मीच.

जायचं कारण एकच. नातीला, ताराला, घेऊन यायचं. लेक सेजल तिकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते, जावई साईश कारखान्यात. दिवाळीच्या आधी सेजलचा फोन आला, रडत होती. ड्युटी कधी सकाळी, कधी रात्री, पोर घरी एकटी राहते. म्हणाली, आई, तू ताराला ने गो, दोन वर्षं तरी. तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. मागची खोली रंगवून घेतली, गुलाबी. लहान खाट केली. शाळेत बाईंना सांगून आले, जूनला येते म्हणून. काम एकदा ठरलं की मला रेंगाळायला आवडत नाही.

आज पिंपळाखाली गावच्या राखणदार देवाकडे गाऱ्हाणं घातलं. गोकुळदास बोलायला कमी, म्हणून मी बाजूने सांगत होते. भागीला नातीला घेऊन सुखरूप परत आण, तुला जाड भाकरीचा रोट देऊ, नारळ देऊ. प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. जानकी रस्त्यावरच्या बसकडे बघत होती, एकदा म्हणायला विसरली. गोकुळदासने ते वाक्य परत घेतलं. घरातलं एक तोंड मिटलेलं राहिलं तरी गाऱ्हाणं लागत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कळू नये.

माझं भाजीचं दुकान जानकी बघणार. माझ्या घरातला टीव्ही बंद ठेव म्हणून सांगितलंय. मी असताना तो दिवसभर चालू असतो. घरात कोणी तरी बोलत असलं की चोर येत नाहीत.

१९ डिसेंबर, जपान

पोचले. सेजलने विमानतळावर माझ्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती, म्हणजे मी कुठे चुकणार नाही. दिल्लीला एक पोरगी खुर्ची घेऊन उभी. माझ्या पायांना काय झालंय? खुर्चीवर बॅग बसवली आणि मी बाजूने चालले. पोरगी हसत होती, पण वाट बरोबर दाखवली.

थंडी अशी की बोलताना तोंडातून धूर येतो. गाडीने डोंगरात यायला बराच वेळ लागला. घर काडेपेटीएवढं. दारात चपला काढायच्या, आत वेगळ्या घालायच्या, संडासात त्याहून वेगळ्या. मी संडासातल्या घालून स्वयंपाकघरात आले तर तारा साप बघितल्यासारखी किंचाळली. तिच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द तो.

एक गोष्ट मात्र मानली. बसक्या मेजाला गोधडी नेसवलेली आणि खाली विजेची शेगडी. पाय आत घालून बसायचं. आपण चुलीपुढे बसतो तेच, फक्त धूर नाही.

तारा सात वर्षांची झाली. फोनवर रोज ‘आजी, आजी’ करते, समोर आले तर आईच्या मागे लपली. मी हात धरून पुढे ओढली. काही विचारलं तर समजतं सगळं, उत्तर देते त्यांच्या भाषेत. जूनपर्यंत तोंडात मराठी घालायची आहे, वेळ कमी.

सेजल बारीक झाली आहे. मी म्हटलं, आता तुझं ओझं उतरलं म्हणून समज. ती म्हणाली, आई, आधी चहा घे.

२२ डिसेंबर

सकाळी सेजलने ताराच्या पाठीला दप्तर लावलं, डोक्यावर पिवळी टोपी घातली आणि दार उघडून दिलं. पोर एकटी बाहेर. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि ही चालली. मी साईशला विचारलं, सोडायला कोण जातं? कोणी नाही म्हणे, आळीतली पोरं मिळून जातात, मोठी पुढे, लहान मध्ये. जावई म्हणून पहिल्या वर्षी त्याला अहो-जाहो करायचे, आता नाही. म्हटलं, साईश, कारापूरला तुझी आई तुला बांधावरून शाळेत पोचवायची, विसरलास? तो हसला नुसता.

मी शाल गुंडाळली आणि मागून गेले. पोरांनी दोनदा वळून बघितलं. शाळेच्या फाटकाशी सगळ्यांत मोठ्या मुलीने मला वाकून नमस्कार केला. ताराने नाही केला. ती लाजेने लाल झाली होती. आजीची लाज वाटायला लागली म्हणजे बघा.

शाळेत पोरंच जेवण वाढतात, पोरंच फरशी पुसतात. आपल्याकडे असं केलं तर आईबाप पंचायतीत जातील. पोरांना काम लावलेलं चांगलंच, पण ते घरचं.

२४ डिसेंबर

आज कमाल बघितली. सेजलच्या घराच्या वळणावर रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, खाली फळी, फळीवर मुळे, कोबी, सफरचंदं. दुकान आहे, बाई नाही. मी उभी राहिले. वाटलं, मागे गेली असेल, येईल. कोणी येईना. मग एक माणूस गाडीतून उतरला, कोबी उचलला, डब्यात पैसे टाकले आणि गेला. मी त्याला हाक मारणार होते.

घरी येऊन सेजलला म्हटलं, ह्या लोकांना धंदा कळत नाही. बाई बसली नाही तर गिऱ्हाइकाला कोण सांगणार की हा मुळा आजचा आणि तो कालचा? सेजल म्हणाली, आई, इथे सगळे आजचेच असतात. एवढं बोलून ती बऱ्याच दिवसांनी हसली.

मांडणी पण वाईट होती. मुळे आडवे टाकलेले. मी जाऊन सगळे उभे लावले, पाल्याचं तोंड रस्त्याकडे, कोबी पुढे, सफरचंदांचा ढीग कोपऱ्यात, जसं मी धारगळला लावते. दुपारी गाडीवाले थांबताना खिडकीतून दिसले. मला माहीतच होतं.

२६ डिसेंबर

शाळेला सुट्टी पडली.

ते भाजीचं दुकान एका म्हातारीचं आहे. कमरेत वाकलेली, डोक्याला फडकं. मी मुळे लावत असताना येऊन उभी राहिली. आता भांडेल असं वाटलं. ती मुळ्यांकडे बघत राहिली, मग माझ्या हातात एक सफरचंद दिलं आणि मला हाताला धरून घरी नेलं. घर मोठं, माणूस एक. तिच्याकडेही ते गोधडीचं मेज. टीव्ही मोठ्याने चालू होता आणि बघणारं कोणी नव्हतं. मी खुणेने म्हटलं, बंद कर ना, वीज जाते. तिला काय कळणार. भिंतीवरचा मुलीचा आणि नातवाचा फोटो दाखवला. लांब शहरात असतात, एक तारखेला येणार, असं मला बोटांवरून कळलं.

बिचारी. एकटं राहून माणूस असं होतं, दिसेल त्याला घरात ओढतं.

२७ डिसेंबर

आज डोकं फिरलं. सेजल जुना टॉवेल कापून त्याचं फडकं शिवत बसली होती. विचारलं तर म्हणे शाळेचं. सुट्टी संपली की प्रत्येक पोराने घरी शिवलेलं फरशी पुसायचं फडकं न्यायचं असतं. कोपऱ्यात ताराचं नाव भरत होती, निळ्या दोऱ्याने.

मी म्हटलं, पोर जाणार माझ्याबरोबर, फडकं कोणासाठी शिवतेस?

ती म्हणाली, द्यावं लागतं, आई.

बरं, शिवते ती तरी धड का? एवढे मोठे टाके, दोनदा पिळलं की उसवणार. काढून घेतलं हातातून. सगळं उसवून मी परत शिवलं, बारीक टाके, दुहेरी कड. नाव पण नीट केलं, तारा. मराठीतच. बघू दे त्या शाळेला. सेजल बाजूला बसून बघत होती. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फ्रॉक मी असाच शिवला होता म्हणाली. मला आठवत नाही, पण शिवला असणार.

साईशला ताराच्या तिकिटाचं विचारलं. कंपनीची साइट चालत नाही म्हणे. परवाही हेच सांगत होता. एवढा शिकलेला माणूस, एक तिकीट काढता येत नाही. मी दोन दिवसांत मुळ्यांचं दुकान मार्गाला लावलं.

तारा आता माझ्याकडे झोपते. पाय बर्फासारखे, माझ्या पोटऱ्यांना लावते. म्हणाली, ‘आजी, धारगळला मम्मी पण येते?’ मी म्हटलं, येईल मागाहून. लहान पोरांना सगळं आधी सांगायचं नसतं.

२९ डिसेंबर

वर्ष संपायच्या आधी घर वरपासून खालपर्यंत धुतात इथे, चतुर्थीच्या आधी आपण काढतो तसं. सगळ्यांत बरं काम मी केलं. साईश जनेलांच्या काचा पुसत होता, वरचे कोपरे तसेच सोडून. सांगावं लागलं.

बाटलीचं टोपण एका पिशवीत, बाटली दुसऱ्या, तिच्यावरचा कागद तिसऱ्या. मी सगळं एकत्र टाकलं तर तारा कचऱ्यात हात घालून वेगळं करायला बसली. मी रागावले. ती मला शिकवायला लागली, बोट उभं करून, अगदी शाळेच्या बाईंसारखी. मराठीत. ‘आजी, हे इथे नाय, हे तिथे.’ शिकते आहे पोर. भांडायला लागली की भाषा येते.

१ जानेवारी

सुट्टीची सहल. साईशच्या गाडीने आणखी वर डोंगरात आलो, गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावात. चौघं एका खोलीत, चटईवर गाद्या. वाटेत दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती आणि मध्ये आमची गाडी. मी खिडकीला डोकं लावून बसले होते, झोप येत होती म्हणून.

तारा कंटाळली, तेव्हा तिला गाऱ्हाणं शिकवलं. मी म्हणायचं, देवा म्हाराजा, ताराक भूक लागली. तिने म्हणायचं, व्हय म्हाराजा. देवा म्हाराजा, साईश गाडी बैलासारखी हाकता. व्हय म्हाराजा. पोर हसून हसून लोळली. साईश पण म्हणायला लागला. सेजल पुढे बसली होती, बाहेर बघत.

संध्याकाळी न्हायला जायचं म्हणाले. गेले तर काय, सगळ्या बायका एकत्र आणि अंगावर सूत नाही. म्हाताऱ्या, तरण्या, सगळ्या. मी परत फिरले. मी धारगळची बाई, नवरा गेला तोवर त्याने नीट बघितली नाही ती जपानाने बघायची? सेजल म्हणाली, आई, इथे कोण कोणाकडे बघत नाही. मी म्हटलं, मी बघेन ना.

पण बाहेर अंग थिजत होतं. गेले शेवटी. आधी बसक्या पाटावर बसून बाल्दीने अंग धुवायचं, मगच कुंडात. पाट, बाल्दी, तांब्याएवढं भांडं, म्हणजे आपली न्हाणीच. ते बघितलं आणि लाज अर्धी गेली.

सेजल माझ्यापुढे पाठ करून बसली. मी चोळायला घेतली. लहान असताना हिची पाठ माझ्या तळव्यात मावायची. आता मोठी झाली आणि हाडं लागली हाताला. दोन्ही खांद्यांवर चौकोनी डाग. विचारलं तर म्हणे दुखऱ्या जागी पट्ट्या लावते, म्हाताऱ्यांना उचलून उचलून भरून येतं. मी म्हटलं, बघ, म्हणूनच म्हणते, पोर नेते म्हणजे तू सुटशील. तिने अंगावर पाणी ओतून घेतलं. तारा तिच्या मांडीत येऊन बसली, पाठ करून. मग मी सेजलची पाठ चोळत होते आणि सेजल ताराची.

कुंडात गळ्यापर्यंत गरम पाणी आणि डोक्यावर बर्फ पडतो. धारगळला कोणाला पटणार नाही.

सेजलचे डोळे लाल झाले होते. पाण्यातल्या वाफेने होतं तसं.

२ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण परत विचारलं तर मी वेगळं सांगेन.

सकाळी देवळात गेलो. वर्षाच्या पहिल्या दिवसांत इथे सगळे जातात. दगडी पायऱ्या, वर लाकडाचं देऊळ, छपरावर जाड बर्फ. लोक रांगेत. पुढे गेलं की दोरी ओढून घंटा वाजवायची, वाकायचं, टाळ्या वाजवायच्या, वाकायचं. देवापुढे तांदळाचे दोन पांढरे गोळे एकावर एक, वर पानासकट संत्रं. ते बघून मला बरं वाटलं. कुठलाही असो, देवाला फळ लागतंच.

माझ्या मनात आलं, धारगळला घातलंय ते इथल्या देवाच्या कानावर घालायला पाहिजे. पोर त्याच्या हद्दीतून नेते आहे. नारळ तर विमानतळावर बॅगेतून काढायला लावला होता. मुक्कामाच्या ठिकाणाहून घेतलेलं संत्रं होतं, ते पुढे ठेवलं. साईशला म्हटलं, तू घाल गाऱ्हाणं, तू घरचा पुरुष. तो इकडे तिकडे बघायला लागला. आई, मागे लोक आहेत. मी म्हटलं, देवळात लोक असणारच. त्याच्याने होईना. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण हे सांगायला जानकी इथे नव्हती. मीच हात जोडले.

‘हे देवा म्हाराजा, तुझां नाव माका म्हायत नाय, पण ह्या डोंगराचो राखणदार तूच आसस.’

तारा सगळ्यांत आधी ओरडली, ‘व्हय म्हाराजा!’ कालचा खेळ. साईश आणि सेजल पण म्हणाले, हळू.

‘ह्यां माझां चेडू, ह्यो जावई. परक्या मुलखात पोट भरतत. हेंका सांभाळ.’

‘व्हय म्हाराजा.’ तिघं.

‘आनी ह्या माझ्या नातीक माझ्याबरोबर धारगळाक सुखरूप पावय.’

‘व्हय म्हाराजा!’ फक्त तारा.

साईशचे ओठ हलले, आवाज नाही. सेजलचे तर ओठही हलले नाहीत. मी वाक्य परत घेतलं. ह्या वेळी ताराने आईकडे बघितलं आणि ‘व्हय’ म्हणून थांबली.

मी वळून बघितलं. सेजल ताराच्या गळ्यातल्या मफलरची गाठ बांधत होती. ती गाठ मी सकाळी बांधून दिली होती, सुटलेली नव्हती.

‘तोंड नाय तुका?’ मी म्हटलं.

‘माझ्या तोंडातून येणा नाय, आई.’

‘तूच सांगितलंस ने म्हणून.’

‘सांगितलां. तेव्हा मी उभी ऱ्हवाक शकत नव्हतंय. आता माका दिवसाची ड्युटी दिली, महिना झालो.’

‘मग आधी बोलूक काय झालां?’

‘कशी बोलू? तू खोली रंगवलंस. शाळेत जावन सांगलंस. राखणदाराकडे गाऱ्हाणां घातलंस.’ मग तिने गाठीवरचा हात काढला. ‘आनी तुझ्या फोनवर मागे टीव्ही ऐकू येता, आई. सारखो. तुका नाय कशी म्हणू?’

टीव्हीचं मधेच काय काढलं मला कळलं नाही. दमलेली माणसं काहीही बोलतात.

तारा माझ्याकडे बघत होती. ‘मम्मी मागाहून येत नाय?’ तिने विचारलं.

मागे रांग थांबलेली. कोणी खाकरलं नाही, कोणी ढकललं नाही. आपल्याकडे एव्हाना चार जणांनी आवाज चढवला असता. इथे सगळे बर्फात गप्प उभे, आणि त्यानेच जास्त अवघड झालं.

अर्धं गाऱ्हाणं टाकून देवासमोरून जाता येत नाही. तशी मी कधी गेले नाही आणि जाणार नाही. मी परत हात जोडले.

‘देवा म्हाराजा, धारगळच्या राखणदाराकडे जां बोललंय, त्यात चूक झाली. पोर जिच्या पदराक आसा, तिच्याच पदराक ऱ्हवांदे. तिका हंयच मोठी कर. आनी चुकीचो राग ह्या पोरांवर नको, माझ्यार काढ. नायतर काढूच नको, वर्षाचे पयले दिवस आसत.’

‘व्हय म्हाराजा,’ सेजल म्हणाली. इतक्या मोठ्याने की मागच्या रांगेतली पहिली म्हातारी दचकली. ‘म्हाराजा’ तिला पुरतं म्हणता आलं नाही, पण मी ते धरलं.

इथे थंडीने डोळ्यांतून पाणी येतं. सगळ्यांच्या येत होतं.

३ जानेवारी

घरी आलो. खरं सांगायचं तर मला हे आधीपासून वाटतच होतं. पोराला इथली शाळा आवडते, मैत्रिणी आहेत, थंडी सोसते. जूनमध्ये नेऊन परत पहिलीपासून सगळं बसवायचं म्हणजे तिचंच नुकसान. कोणी तरी निर्णय घ्यायला पाहिजे होता, मी घेतला.

साईशला म्हटलं, आता ती तिकिटाची साइट चालू झाली का? तो मान खाली घालून हसला. मी काय एवढी वेडी नाही.

येताना गाडीत तारा माझ्या मांडीवर झोपली.  मग सेजलने मागे हात करून माझा गुडघा धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. गाडी वळणावर होती, पडेन म्हणून धरला असेल.

६ जानेवारी

म्हातारीकडे जाऊन आले. तिची मुलगी, नातू येऊन गेले. दारात पोराने केलेला बर्फाचा माणूस होता, डोकं थोडं खचलेलं. ती त्याला हाताने थापून परत नीट करत होती. मी तिला घरून आणलेली कोकमाची सोलं नेऊन दिली, सोलकढी कशी करायची ते दाखवायला गेले तर नारळ नाही. मग नुसतं पाणी करून पाजलं. तोंड आंबट करून सगळं प्यायली.

आम्ही मेजाखाली पाय घालून बसलो. टीव्ही चालू होता. आज मी बंद कर म्हटलं नाही. काय चाललंय ते समजत नव्हतं, तरी बघितलं. तिला माझ्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे, निघताना तिने मला मुळ्यांची जुडी दिली, उचलता येईना एवढी.

८ जानेवारी

शाळा सुरू झाली. ताराने पिशवीत फडकं घातलं. संध्याकाळी सांगत आली, बाईंनी फडकं उचलून सगळ्या वर्गाला टाके दाखवले. विचारलं, हे कोणी शिवलं? तारा उभी राहून म्हणाली, आजीने. तिने तो शब्द आपल्याच भाषेत सांगितला आणि सगळी पोरं ‘आजी, आजी’ म्हणायला लागली.

मग मला म्हणाली, आता परत माझ्यामागून शाळेत येशील? चालेल.

मी उद्या निघते. आता बोलावते आहे.

१५ जानेवारी, धारगळ

संक्रांत काल झाली. हायवेवरच्या सगळ्या बायका येऊन गेल्या. तिळगूळ कमी आणि प्रश्न जास्त. डायरी काढून बसायचं होतं, पण तोंडानेच सांगितलं. न्हाणीघराचं सांगितलं तेव्हा जानकीने पदर तोंडाला लावला आणि मग बारीक बारीक सगळं विचारून घेतलं.

ताराला का नाही आणलं, हेही सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिकडची शाळा बरी आहे. फरशी कशी पुसायची ते पण शिकवतात, तुमच्या पोरांना येते?

पण राखणदाराचं राहिलं होतं. गोकुळदासचं म्हणणं, पोर आली नाही तर गाऱ्हाणं पुरं झालं नाही, रोट कसला द्यायचा? मी म्हटलं, माझ्या हाताने चुकलं ते मीच निस्तरते, तू फक्त उभा राहा. आज सकाळी रोट केला, नारळ घेतला, पिंपळाखाली गेलो. गोकुळदास, जानकी, मी. फोन दगडाला टेकवून उभा केला. त्यात सेजल, साईश, आणि मध्ये तारा, शाळेतून नुकतीच आलेली, टोपी डोक्यावर.

गाऱ्हाणं मी घातलं. गोकुळदासने आधी तोंड वाकडं केलं, मग मान हलवली.

‘म्हाराजा, नातीक आणतंय म्हणून बोललंय, ती आणली नाय. ती तिच्या आवयकडे आसा. तुझो हात आमच्या गावापुरतो आसलो तरी लांब कर आनी थंय पावय. तुझो रोट तुका.’

‘व्हय म्हाराजा,’ आम्ही म्हटलं. जानकी पण म्हणाली, ह्या वेळी बसकडे न बघता.

फोनमधून काही नाही. चित्र थांबलेलं, साईशचं तोंड अर्धं उघडं. गोकुळदास म्हणाला, गेला वाटतं. मी हात वर केला, थांब म्हटलं. तिकडून यायला वेळ लागतो. पिंपळाची पानं वाजत होती, वरून मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान गेलं. मग सेजलचा आवाज आला, आम्हा सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटाच, पुरा.

‘व्हय म्हाराजा.’

गोकुळदास म्हणाला, फोनवरून म्हटलेलं चालतं का, विचारायला पाहिजे. मी म्हटलं, विचार, देव समोरच बसलाय.

घरी आले, गुलाबी खोली झाडली. खाट काढली नाही. त्यांना सुट्टी पडली की तिघंही येणार आहेत, तेव्हा एक मोठी पण लागेल. सुताराला उद्याच बोलावलंय.